मदत हवी आहे: सातव्या लेव्हलला आमच्या फायटरला करायला काही उरतच नाही

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. दांडिया बाजारात आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो (आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ), २०१४ ची पाचवी एडिशन, डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा डंजन मास्टर, मी. खेळ मराठीत, मधेमधे गुजराती, स्पेलची (मंत्रांची) नावं तेवढी इंग्रजी. दीड वर्ष झालं, पार्टी आता सातव्या लेव्हलला आहे. अडचण जरा लांबड लावून सांगतो पण वाचा प्लीज.

फायटर, म्हणजे लढवय्या, माझा आतेभाऊ खेळतो. तो शाळेत असल्यापासून आखाड्यात मल्लखांब करतो, त्यामुळे कॅरेक्टरही तसंच बनवलं, दांडगा, स्ट्रेंग्थ १८, सबक्लास (फायटरचा उपप्रकार) चँपियन कारण पहिल्यांदाच खेळत होता आणि त्यात लक्षात ठेवायला कमी. पहिल्या चार लेव्हलपर्यंत सगळा भार याच्यावर. विझार्ड, म्हणजे जादूगार (कॉलेजची मैत्रीण), दोन फटक्यांत आडवी व्हायची आणि हा तिच्या पुढे उभा राहून मार खायचा, दोघांनाही मजा यायची. मग पाचव्या लेव्हलला तिला फायरबॉल हा आगीचा स्पेल मिळाला. यालाही त्याच लेव्हलला दुसरा अटॅक मिळाला, पण हिशोब बघा ना, याचे दोन्ही वार लागले तर सरासरी २२ डॅमेज (इजा), तेही बहुतेक एकाच शत्रूला. तिचे ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८, वीस फुटांच्या त्रिज्येत जो जो असेल त्या सगळ्यांना. ११ हिट पॉइंटचे (तेवढं डॅमेज झालं की गेले) आठ हॉबगॉब्लिन आणले होते मी, सेव्ह (बचावाचा फासा) झाला तरी अर्धे १४, आठही गेले. आतेभावाचा नंबर यायच्या आधी लढाई संपली.

डॅमेजचं तरी एकवेळ चालेल, फ्लेम टंग तलवार दिली मी त्याला, २डी६ जास्तीचे, खूश झाला. पण पुढच्याच सेशनला ट्रोल आला, तो म्हणाला दादा हा माझा, आणि तिने पॉलिमॉर्फ टाकून ट्रोलची कोंबडी केली. डीसी (वाचायला गाठायचा आकडा) १५, ट्रोलचा वजा एक धरून त्याला फाशावर १६ तरी पडायला हवे होते, पडले ९. सगळे हसले, तोही हसला, पण ती तलवार बाहेर काढायचीच राहिली.

आणि गेल्या शनिवारी जे झालं त्यामुळे हा धागा. पावागडावरून सुचलेला किल्ला होता, रात्री तटावर चढायचं होतं. आतेभाऊ एकदम सरसावून बसला, म्हणाला हे माझं काम, दोर तोंडात धरून वर जातो. मी म्हणलं ॲथलेटिक्स चेक दे, म्हणजे जमतंय का त्याचा फासा टाक. +७ असूनही फाशावर ३ पडले, तीस फुटांवरून खाली आला, ३डी६ डॅमेज. मग ती म्हणाली मी स्पायडर क्लाइंब टाकते, आणि चालत वर गेली. तिला फासा टाकावाच लागला नाही. जो मुलगा खऱ्या आयुष्यात वेताच्या मल्लखांबावर सरसर वर जातो त्याला मी पाडलं, आणि जी जिना चढून माळ्यावर आली की धापा टाकते ती भिंतीवरून चालत गेली.

तो काही बोलला नाही. फासे ठेवायला त्याच्याकडे आजीची कुंकवाची पितळी डबी आहे, ती एरवी शेवटपर्यंत उघडी असते. साडेनऊलाच झाकण लावलं, सगळ्यांसाठी शेव उसळ आणतो म्हणून खाली गेला आणि पाऊण तासाने आला.

मधे मी राक्षसांना मॅजिक रेझिस्टन्स (जादूपासून वाचणं सोपं) देऊन बघितला, तर विझार्डवाली नाराज झाली, आणि बरोबरच आहे तिचं, ती नियमाप्रमाणे खेळतेय, शिक्षा कशाची? तिचे पंख न छाटता याला जागा कशी द्यायची? नवव्या लेव्हलला तिला वॉल ऑफ फोर्स (अदृश्य भिंतीचा स्पेल) मिळेल, त्याआधी काहीतरी करायचंय. हा मुलगा खेळ सोडेल याची खरंच भीती वाटतेय.

प्रतिसाद १
आधी एक सांगा, एका लाँग रेस्टपासून (रात्रभराची विश्रांती) दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत लढाया किती होतात? बहुतेक एकच, नाही का? सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या ते चौथ्या लेव्हलच्या स्पेलसाठी ४, ३, ३, १ असे मिळून ११ स्लॉट असतात, पुढच्या लाँग रेस्टपर्यंत तेवढेच. एकाच लढाईत तीन चार राउंड, म्हणजे ती दर राउंडला मोठ्यातला मोठा स्पेल टाकणार, का नाही टाकणार? २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) असा हिशोब धरलाय. फायटरची ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन) आणि सेकंड विंड (थोडे हिट पॉइंट परत) शॉर्ट रेस्टला परत येतात, तलवार तर कधी संपतच नाही. तो लांब पल्ल्याचा माणूस आहे आणि तुम्ही त्याला शंभर मीटर पळवताय.

धागाकर्ता
हो, एकच. शनिवारी तीन तासांत एक मोठी लढाई होते आणि सेशन संपलं की लाँग रेस्ट असंच धरतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाचे किती स्लॉट उरले हे लक्षात ठेवावं लागत नाही.

प्रतिसाद १
मग सापडलं की. सेशन संपलं म्हणून पार्टीची रात्र होत नाही. खेळातला एक दिवस तीन शनिवार चालू दे, कॅरेक्टर शीटचा (पात्राच्या आकड्यांचा कागद) फोटो काढून ग्रूपवर टाकायला सांगा, झालं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण माझ्या मते खरी चूक तटावर झाली आणि ती नियमाची पण नाही, डीएमची सवय आहे, मलाही होती. पुस्तकात बघा, चढायला मुळात चेक लागतच नाही, एका फुटाला एक फूट जास्तीची चाल मोजायची बस. भिंत निसरडी असेल किंवा धरायला खोबण्या कमी असतील तरच डीएम चेक मागू शकतो. लांब उडीचंही तसंच, दहा फूट धावून १८ स्ट्रेंग्थवाला १८ फूट उडी मारतो, फासा नाही. ढकलणं, ओढणं, उचलणं मिळून ५४० पौंड, म्हणजे जवळजवळ २४५ किलो, फासा नाही. स्पेल म्हणलं की आपण लगेच हो म्हणतो कारण तिथे लिहिलेलं असतं, आणि फायटर काही म्हणला की आपला हात फाशाकडे जातो. त्याच्याही शीटवर हे आकडे लिहून द्या, ठळक. जे तो रोज आखाड्यात करतो ते त्याच्या कॅरेक्टरला फुकट येऊ दे.

आणि चँपियन बदलून बॅटल मास्टर करू द्या. सातव्या लेव्हलला पाच डी८ (आठ बाजूंचे जादा फासे), शॉर्ट रेस्टला परत, पाच मॅनूव्हर, म्हणजे डाव. पाडणं, घाबरवणं, कमांडर्स स्ट्राइकने स्वतःचा एक वार सोडून दुसऱ्याला वार करायला लावणं. दर राउंडला त्याला विचार करायला काहीतरी असेल.

प्रतिसाद ३
मी जुना खेळाडू. हे भांडण तुमच्या माळ्यापेक्षा फार जुनं आहे. १९७४ ला खेळ आला तेव्हापासून जादूगार सुरुवातीला कागदासारखा आणि शेवटी देवासारखा. पण ॲडव्हान्स्ड या जुन्या आवृत्तीच्या काळात त्याला लगाम होते, हिट पॉइंटला डी४ (चार बाजूंचा फासा), आणि मंत्र चालू असताना मार बसला की स्पेल वाया. फायटर नवव्या लेव्हलला गढी बांधायचा आणि त्याच्या हाताखाली शिपाई यायचे, म्हणजे त्याची ताकद नुसती दंडात नव्हती, माणसांतही होती. नंतर ते लगाम एकेक करून सुटले. २००८ च्या चौथ्या एडिशनने सगळ्या क्लासना सारख्याच साच्यातल्या पॉवर दिल्या, तोल बऱ्यापैकी आला पण लोक म्हणाले सगळे एकसारखे वाटतात. मला विचाराल तर आतेभावाला माणसं द्या. किल्ला जिंकला तर किल्लेदार कोण? विझार्डला पुस्तकं मिळतात, त्याला पंचवीस भालेकरी मिळू देत.

शिवाय आत्ताही कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) आहेच. पॉलिमॉर्फ, स्पायडर क्लाइंब, फ्लाय, सगळ्याला लागतं, एका वेळी एकच. तिला बाण लागला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मागताय ना? १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जास्त असेल ते गाठायचं, नाहीतर स्पेल तुटतो.

धागाकर्ता
नेहमी नाही मागत, विसरतो. लिहून ठेवलं.

प्रतिसाद ४
विझार्डवालीशी बोललात का? माझ्या टेबलवर तेवढ्यानेच काम झालं. तिला कुणी सांगितलंच नसेल की हेस्ट नावाचा वेग वाढवणारा स्पेल आहे आणि तो फायटरवर टाकायचा असतो.

धागाकर्ता
तीन शनिवारांनंतर सांगतोय. खेळातला एकच दिवस तिन्ही शनिवार चालवला, पाच लढाया, दोन शॉर्ट रेस्ट. पाचव्या लढाईला विझार्डकडे पहिल्या लेव्हलचे दोन स्लॉट उरले होते आणि ती फायटरच्या मागे उभी होती, पहिल्यासारखी. ती स्वतःच म्हणाली की जुने दिवस आठवले. तिच्याशी आधी बोललो होतो, तिला माहीतच नव्हतं तो एवढा हिरमुसलाय, दुसऱ्या लढाईत तिने हेस्ट त्याच्यावरच टाकला.

डंजन यावेळी आपल्या नवलखी वावेसारखं (पायऱ्यांची विहीर) केलं होतं, पायऱ्या उतरत खाली खाली. तळाशी शिळेचं दार. आतेभावाने विचारलं, दादा शिळा किती किलोची? मी म्हणलं दोनशे वीस. त्याने शीटवर बोट ठेवलं, २४५, आणि फाशाला हात न लावता माझ्याकडे बघत बसला. मी म्हणलं उचललीस. मग खरंच उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर, आणि बाकीचे एकेक करून खालून सरकेपर्यंत तसाच उभा. डबी साडेअकरापर्यंत उघडी होती.

आता दुसरा प्रश्न आलाय. क्लेरिक (देवाच्या शक्तीने बरं करणारं पात्र) माझी बहीण खेळते, तिची तक्रार आहे की शॉर्ट रेस्टला तिला चॅनल डिव्हिनिटी ही खास दैवी शक्तीच काय ती परत मिळते, स्लॉट नाहीत, आणि पाच लढायांची मलमपट्टी तिच्याच अंगावर येते. गाइडमध्ये एक पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. तो कुणी वर्षभर चालवलाय का? आणि त्यात क्लेरिकला औषधाच्या बाटल्या किती देता?