खाजनाकाठच्या विहिरी आणि नायट्रेट इलेक्ट्रोड : स्पाइक बरोबर येतो, मग आकडा दुप्पट का?

विहीरपाणी:
गोव्यातल्या दिवाडी बेटावर खाजनाला (भरतीच्या खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली सखल जमीन) लागून असलेल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी. नायट्रेट इलेक्ट्रोडवर (पाण्यातल्या नायट्रेटनुसार व्होल्टेज देणारी कांडी) 19 मिग्रॅ/लिटर नायट्रेट, तेच पाणी 220 नॅनोमीटरला यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजून) 9. पावसाळ्यात दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. स्लोप (नायट्रेट दहापट झालं की बदलणारं व्होल्टेज) 57 मिलिव्होल्ट, स्पाइक रिकव्हरी (नमुन्यात मुद्दाम घातलेल्या नायट्रेटपैकी मोजणीत परत दिसलेला भाग) 98 टक्के. मेच्या नमुन्यात क्लोराइड 1150 मिग्रॅ/लिटर. चूक इलेक्ट्रोडची की यूव्हीची?

मिलिव्होल्ट:
चूक क्लोराइडची. इलेक्ट्रोडच्या टोकाचा नायट्रेटचा पीव्हीसी पडदा क्लोराइडलाही थोडा प्रतिसाद देतो, निवडक्षमतेचा गुणांक (नायट्रेटच्या तुलनेत क्लोराइडला किती प्रतिसाद) साधारण 0.005. हिशेब मांडून बघा: 1150 भागिले 35.45 (क्लोराइडचा मोलभार) म्हणजे 32.4 मिलिमोल, गुणिले 0.005 म्हणजे 0.162, गुणिले 62 (नायट्रेटचा मोलभार) म्हणजे 10 मिग्रॅ नायट्रेट. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे. पावसात क्लोराइड 150 वर उतरलं की हाच फरक जेमतेम 1.3 उरतो, म्हणून तेव्हा जुळतं.

स्पाइकवर विसंबू नका. क्लोराइडची भर स्पाइकच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही वाचनांत सारखीच असते, वजाबाकीत ती उडून जाते आणि रिकव्हरी छान दिसते. स्टँडर्ड अ‍ॅडिशननेही (नमुन्यातच ठरावीक नायट्रेट घालत मोजण्याच्या पद्धतीनेही) ही चूक जात नाही. गुणांक मात्र पुस्तकातला धरू नका, पडदा जुना होतो तसा तो बदलतो. नायट्रेट नसलेल्या मिठाच्या द्रावणात इलेक्ट्रोड किती दाखवतो ते स्वतः मोजा.

जांभा:
उपाय सिल्व्हर सल्फेट, त्यातली चांदी क्लोराइडला साक्यात खाली बसवते. 50 मिली नमुन्याला तुमच्या क्लोराइडसाठी 0.25 ग्रॅम लागतं, 0.27 घाला. दहा मिनिटं ढवळा, पांढरा साका बसू द्या, वरचं पाणी घ्या. सिल्व्हर नायट्रेट चुकूनही नको, मोजायचं तेच त्यात मिसळाल! स्टँडर्डमध्येही (तुलनेसाठीच्या माहीत सांद्रतेच्या द्रावणात) तेवढंच सिल्व्हर सल्फेट घाला, नाहीतर आयनिक स्ट्रेंग्थ (विरघळलेल्या आयनांचा एकूण जोर) वेगळी पडते. शिवाय ती सारखी ठेवायला 2 मोलर अमोनियम सल्फेट, 100 मिलीला 2 मिली, सगळ्यांत सारखं.

आणि रेफरन्स इलेक्ट्रोड (तुलनेसाठीची दुसरी कांडी) बघा. डबल जंक्शनच्या, म्हणजे दोन कप्प्यांच्या, कांडीच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरलेलं असेल तर तेच झिरपून तुमचं कमी नायट्रेटचं वाचन वर चढवतं. पोटॅशियम क्लोराइड असेल तर चांदीमुळे जंक्शनवर साका बसून ते चोंदतं. 0.04 मोलर अमोनियम सल्फेट भरा, पातळी नमुन्याच्या पाण्यापेक्षा वर ठेवा, भरायच्या भोकाचं बूच मोजताना उघडं.

मिलिव्होल्ट:
तापमानाचंही बघा बाब. चुंबकी ढवळणीची पाटी तापते आणि बीकर हळूहळू गरम होतो. खाली थर्माकोलचा तुकडा ठेवा. 1 मिलिव्होल्टची चूक म्हणजे आकड्यात जवळजवळ 4 टक्के, म्हणून आकडा थांबेपर्यंत वाट बघा. कमी सांद्रतेला दोन-तीन मिनिटं सहज लागतात, आणि मोजायचं नेहमी पातळाकडून दाटाकडे. जूनपासून केबलच्या जोडाला दमट हवा लागली की वाचन सरकत राहतं, तेव्हा जोड पुसून कोरडा करा.

विहीरपाणी:
चांदी घालून 9.6 आलं. आता पिण्याच्या पाण्याच्या 45 मिग्रॅ/लिटरच्या मर्यादेशी ताडून बघतो.

जांभा:
ताडायच्या आधी एकक बघा. 45 ही मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. मीटरचं स्टँडर्ड नायट्रेट-नायट्रोजनचं (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनात) असेल तर आकड्याला 4.43 ने गुणावं लागतं. 1000 मिग्रॅ/लिटर नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट 1.631 ग्रॅम, नायट्रोजनसाठी 7.22. बाटलीवर काय लिहिलंय? आणि चांदीचा साका बेसिनमध्ये ओतू नका, काळ्या बाटलीत वेगळा साठवा.