शब्दचर्चा : ‘ही प्रोसेस कोणाची?’ ह्यातलं ‘कोणाची’

अंबडचा रात्रपाळीवाला

नवीन मुलांसाठी सर्व्हर सांभाळायच्या कामाचं एक मराठी टिपण करतोय. चार पानं झाली, पाचव्यावर अडलो. वाक्य साधं आहे : ‘मशीन अडखळत असेल तर जड झालेली प्रोसेस शोधा आणि ती कोणाची आहे ते बघा.’ प्रोसेस म्हणजे मशीनवर चालू असलेला प्रोग्राम. पण वाक्यातल्या ‘कोणाची’नेच मागच्या महिन्यात माझी फजिती केली.

झालं असं. रात्री साडेअकराला प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर. पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा) मारून बघितलं, तर यूजरच्या रकान्यात आमच्या नव्या मुलाचं नाव. तो दोन दिवस रजेवर, लासलगावला घरी. तडक फोन लावला. म्हटलं, काय चालवतोयस रे ह्या वेळी? तो म्हणाला, ‘दादा, मी सकाळपासून कांदा भरतोय, लॅपटॉप नाशकातच आहे.’ माझ्या डोक्यात एकच, ह्याचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला. दोन शब्द जास्तच बोललो त्याला. खरं तर त्याच ओळीत टीटीवायच्या रकान्यात प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे ह्या प्रोसेसला टर्मिनलच (आज्ञा टाइप करायची खिडकी) नाही, समोर बसून कोणी ती चालवत नाहीये. ते प्रश्नचिन्ह मला दिसलं होतं, मी वाचलं नाही.

सकाळी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ ह्या, सर्व्हिसची (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची) हालहवाल सांगणाऱ्या आज्ञेपुढे त्या प्रोसेसचा नंबर टाकला. (सर्व्हिसचं नाव द्यायच्या जागी नुसता नंबर दिला तरी चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.) उत्तर आलं : क्रॉन डॉट सर्व्हिस. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हिस, आणि क्रॉनटॅब म्हणजे त्या कामांची यादी. पोराने रजेवर जाण्याआधी क्रॉनटॅबमध्ये एक ओळ टाकली होती, रोज रात्री अकराला अहवाल काढायची. त्याच्या क्रॉनटॅबातली ओळ त्याच्याच नावाने चालणार. म्हणजे नाव त्याचं, लॉगिन कोणाचंच नाही, आणि सर्व्हिस क्रॉन. ‘कोणाची?’ला तीन उत्तरं होती, मी पहिल्यावरच थांबलो.

तर मराठीत हे तिन्ही वेगवेगळं विचारता येतं का? की ‘वापरकर्ता’ (यूजर), ‘सत्र’ (सेशन), ‘सेवा’ (सर्व्हिस) असे तीन जड दगड वाक्यात ठेवायचे?

निवृत्त मास्तर, पंचवटी

संगणकातलं मला ओ का ठो कळत नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. हे षष्ठीचं दुखणं.

काळारामाचं देऊळ, काळारामाचा पुजारी, काळारामाचा रथ, काळारामाची मूर्ती. चारही ठिकाणी एकच ‘चा-ची-चं’, पण नातं दर वेळी निराळं. देऊळ त्याच्यासाठी, पुजारी त्याच्या सेवेत, रथ त्याच्या उत्सवातला, आणि मूर्ती तर तोच. षष्ठी एवढंच सांगते की दोघांत काहीतरी संबंध आहे. कोणता, ते ऐकणाऱ्याने जाणावं. म्हणून जुने वैयाकरण तिला कारकांत धरत नाहीत. पाणिनीने तर ‘षष्ठी शेषे’ म्हणून टाकलं, बाकी कुठे न बसलेले संबंध हिच्या पदरात.

आता तुमच्या प्रश्नाचं. षष्ठी मोघम असली तरी मराठी मोघम नाही. आपण एका प्रत्ययावर दुसरा चढवतो. ‘घरचा’ वेगळा, ‘घरातला’ वेगळा, ‘घराकडचा’ वेगळा, ‘घरापासूनचा’ आणखी वेगळा. तुम्हाला तीन नामं शोधायची गरजच नाही, तीन शेपट्या शोधा. कोणाच्या नावावरची? कोणत्या बैठकीतली? कोणत्या सेवेकडची? बघा जमतं का.

तलाठ्याची लेक

मास्तर, ‘नावावरची’ला माझा जोरदार पाठिंबा. सातबाऱ्याच्या घरात वाढलेय, त्यामुळे ‘मालक’ शब्द दिसला की अंगावर काटा येतो. आमच्याकडे कोणी येऊन ‘ही जमीन कोणाची?’ विचारलं की वडील उलट विचारायचे, ‘काय बघायचंय? भोगवटादार, कूळ की इतर अधिकार?’ सातच्या नमुन्यात हे सगळे वेगळे नोंदलेले असतात आणि माणसं ह्याच्यावरून कोर्टात जातात.

रात्रपाळीदादा, तुमचा ‘यूजर’सुद्धा एकच नाही, हे टिपणात घाला. लिनक्सवरच्या (तुमच्या सर्व्हरची ती ऑपरेटिंग सिस्टिम) प्रत्येक प्रोसेसला निदान दोन नावं असतात : चालवली कोणी, आणि अधिकार कोणाचे वापरतेय. नेहमी दोन्ही एकच असतात म्हणून लक्षात येत नाही. पासवर्ड बदलायची आज्ञा मी माझ्या लॉगिनमधून चालवते, पण पासवर्डांची फाइल लिहायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याला. म्हणून ती आज्ञा चालते माझ्याकडून आणि वागते रूटच्या अधिकाराने. ह्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, कुलमुखत्यार. सही कुलमुखत्याराची, अधिकार मूळ मालकाचा. आणि पीएसचा ‘यूजर’ रकाना हा दुसराच, अधिकाराचा दाखवतो. चालवणाऱ्याचा हवा असेल तर ‘आरयूजर’ असा वेगळा मागावा लागतो.

अंबडचा रात्रपाळीवाला

ताई, कुलमुखत्यार झकास. पण ‘सुडो’ (रूटचे अधिकार घ्यायची आज्ञा) करून कोणी पूर्ण रूटच होऊन बसला तर? मग दोन्ही रकान्यांत रूटच दिसतो. आमच्याकडे चौघांना सुडो आहे. ‘रूटची’ हे उत्तर मिळून मला काडीचा उपयोग नाही.

तलाठ्याची लेक

त्याच्यासाठी लॉगिनयूआयडी असतो. प्रॉक ह्या, चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये प्रोसेसच्या नंबरच्या नावाचं फोल्डर, त्यात लॉगिनयूआयडी नावाची एका आकड्याची फाइल. माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा त्याचा नंबर ह्यात पडतो, आणि मग सुडो करा, एसयू (दुसऱ्या खात्यात शिरायची आज्ञा) करा, हा बदलत नाही. उबुंटूवर माणसांचे नंबर १००० पासून सुरू होतात, त्यामुळे १००३ दिसला की तिसराचौथा गडी कोण ते कळतं.

मी ह्याला मनातल्या मनात माहेर म्हणते. आडनाव बदललं, घर बदललं, पण ‘माहेर कुठलं?’ विचारलं की उत्तर तेच.

कॉलेज रोड

माहेर! हे उचललं. आणि फाइलमध्ये ४२९४९६७२९५ असा लांबलचक आकडा दिसला तर? मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मशीन हॅक झालं असं वाटून घाम फुटला होता.

तलाठ्याची लेक

तो दोनचा बत्तिसावा घात वजा एक. अर्थ इतकाच की ह्या प्रोसेसमागे लॉगिन झालेलं माणूसच नाही, मशीनने आपणहून उठवलेली आहे. माहेर नसलेली.

विंडोजवाली

सगळे लिनक्सचेच दिसताय, म्हणून आमचंही थोडं. विंडोजवर ‘सत्र’ हा प्रश्न जास्त ठसठशीत आहे, कारण सेशनला सरळ नंबरच असतो आणि टास्क मॅनेजरच्या तपशिलात तो रकाना उघडता येतो. व्हिस्टापासून सर्व्हिसेस शून्य नंबरच्या सेशनमध्ये कोंडल्या, माणसांची सेशनं एकपासून पुढे. त्यामुळे शून्य दिसलं की समजायचं, खुर्चीत कोणी नाही.

पण आमची खरी डोकेदुखी एसव्हीसीहोस्ट, म्हणजे सर्व्हिसेसना पोटात घेऊन चालणारी प्रोसेस. एका होस्टमध्ये चारपाच सर्व्हिसेस राहतात, मेमरी खाते कोण ते कळत नाही. त्यासाठी टास्कलिस्टला एसव्हीसीचा पर्याय जोडून चालवायचं, मग प्रत्येक होस्टपुढे आत राहणाऱ्यांची नावं येतात. मी भद्रकालीतल्या वाड्यात लहानाची मोठी झाले, मला हे चित्र नवीन नाही. होस्ट म्हणजे वाडा, सर्व्हिसेस म्हणजे बिऱ्हाडं. ‘पाणी कोणी सांडलं?’ला ‘वाड्याने’ हे उत्तर नसतं, बिऱ्हाड सांगावं लागतं. २०१७ पासून विंडोज १० मध्ये साडेतीन जीबीच्या वर रॅम असली की बहुतेक बिऱ्हाडांना स्वतंत्र घरं मिळाली, तेव्हापासून भांडणं कमी झाली.

कॉलेज रोड

वाड्याची उपमा सुंदर. मला आक्षेप ‘सत्र’ला आहे. पेपरात ‘बिबट्याच्या हल्ल्यांचे सत्र सुरूच’ असं वाचतो, तिथे सत्र म्हणजे मालिका. शाळेचं सत्र सहा महिन्यांचं. सत्र न्यायालय आणखी तिसरं. ह्यातलं एकही ‘मी लॉगिन केलं, काम केलं, उठलो’ असं नाही. मास्तरांनी वर सहज ‘बैठक’ लिहिलं, तोच खरा शब्द. बैठक बसते, रंगते, मोडते. माणूस बसला आणि उठला, एवढंच तर सेशन आहे.

निवृत्त मास्तर, पंचवटी

सहज नव्हतं हो लिहिलेलं! पण सत्राचीही बाजू घेतो. मुळात सत्र म्हणजे बारा दिवस किंवा त्याहून लांब चालणारा सोमयाग, आणि त्यात ऋत्विज हेच यजमान. करणारे आणि करवून घेणारे एकच. तेव्हा शब्दाला ‘एकत्र बसून चालवलेलं काम’ हा वास पहिल्यापासून आहे. अन्नसत्र तिथलंच. पण आज तो वास उडाला, हे मान्य.

अंबडचा रात्रपाळीवाला

मला तर दोन्ही शब्द लागणार आहेत. लिनक्सवर ‘सेशन’ ह्याच नावाच्या दोन गोष्टी आहेत आणि पोरं तिथे हमखास घसरतात. एक कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) : टर्मिनलभोवती जमलेल्या प्रोसेसचा गट, त्याला एसआयडी हा नंबर. प्रोसेस सेटसिड ही हाक कर्नलला देऊन ह्यातून बाहेर पडू शकते. दुसरी लॉगिनची : लॉगिनसीटीएल ही आज्ञा दाखवते ती, कोण, कुठून, कधीपासून. पीएसकडे ह्या दुसरीसाठी एलसेशन असा वेगळा रकाना आहे. तर कर्नलच्या गटाला ‘सत्र’, लॉगिनच्या सेशनला ‘बैठक’. चालेल?

कॉलेज रोड

चालेल काय, धावेल.

त्र्यंबक नाका

मी ह्यात चौथा प्रश्न घुसडतो. ‘कोणाची?’चं गावाकडचं उत्तर ना नाव, ना बैठक, ना सेवा. ‘कोणाचा रे तू?’ असं म्हाताऱ्याने विचारलं की आपण बापाचं नाव सांगतो. प्रोसेसलाही बाप असतो, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस; त्या बापाचा नंबर म्हणजे पीपीआयडी. पीएसट्री चालवलं की त्र्यंबकच्या उपाध्यांची वंशावळीची वही उघडल्यासारखं दिसतं : गाव, आडनाव, मग पिढ्यान् पिढ्या खाली.

फक्त बापावर विसंबू नका. बाप आधी मेला की पोर सहसा एक नंबरकडे दत्तक जातं, म्हणजे आजच्या बहुतेक लिनक्सवर सिस्टिमडीकडे (सगळ्यांत आधी उठून सर्व्हिसेस उठवणारी प्रोसेस). मग वंशावळीत सगळे अनाथ एकाच घरचे दिसतात. पूर्वी डीमन लिहिणारे मुद्दाम हेच करायचे, दोनदा फोर्क करून (स्वतःची नक्कल काढून नवं पोर जन्माला घालून) मधला बाप मारून टाकायचा.

उपाध्ये मात्र नुसता बाप विचारत नाहीत, आधी गाव विचारतात. तसं गाव इथेही आहे : सीग्रुप, म्हणजे प्रोसेस कोणत्या गटातली त्याची कर्नलकडची नोंद. बाप मेला, टर्मिनल गेलं, सेटसिड झालं, तरी प्रोसेसचं गाव आपोआप बदलत नाही. प्रॉकमध्ये तिच्या फोल्डरात सीग्रुप नावाची फाइल उघडा, पूर्ण पत्ता मिळतो. सिस्टिम डॉट स्लाइसमध्ये क्रॉन डॉट सर्व्हिस असेल तर ती सेवेकडची. यूजर डॉट स्लाइस आणि शेवटी सेशन-३ डॉट स्कोप असेल तर तिसऱ्या बैठकीतली. सिस्टिमसीटीएल स्टेटस तुम्हाला हाच पत्ता वाचून दाखवत होतं.

निवृत्त मास्तर, पंचवटी

डीमन म्हणजे? राक्षस?

त्र्यंबक नाका

राक्षस नाही मास्तर. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी हा शब्द घेतला तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या दूतावरून, जो दाराशी बसून न थकता रेणू वेगळे करत राहतो. पाठीमागे गुपचूप राबणारी प्रोसेस, एवढाच अर्थ. आम्ही पोरांना ‘राखणदार’ सांगतो. कोकणातला आहे शब्द, पण बसतो.

विंडोजवाली

राखणदाराला वर्षाला एक नारळ तरी मिळतो. आमच्या सर्व्हिसेसना सोमवारी सकाळी शिव्या.

अंबडचा रात्रपाळीवाला

पान पाच असं झालं. वाचून सांगा :

‘जड प्रोसेस सापडली की “कोणाची?” असं विचारू नका, त्याला उत्तर येतं आणि ते अपुरं असतं. आधी कोणाच्या नावावरची ते बघा (पीएस, यूजर आणि आरयूजर दोन्ही). नाव रूटचं असेल तर माहेर बघा. मग कोणत्या बैठकीतली की कोणत्या सेवेकडची ते सीग्रुपवरून बघा. टीटीवायपुढे प्रश्नचिन्ह असेल तर समोर माणूस नाही असं धरून चाला. हे सगळं होईपर्यंत कोणालाही फोन करू नका.’

शेवटचं वाक्य त्या मुलाने वाचलं आणि हसला, तेव्हा माफी पोचली असं धरतो. मागितली होतीच, पण फोनवर रागावलेलं समोरासमोरच्या माफीने पूर्ण फिटत नाही.

त्यानेच आता एक शंका काढलीय. लॉगिनसीटीएलमध्ये एका बैठकीपुढे ‘क्लोझिंग’ असं दिसतंय, काल रात्रीपासून. माणूस कधीच लॉगआउट झालाय, पण नोहप (लॉगआउटनंतरही चालू ठेवायची आज्ञा) लावून सोडलेली त्याची एक प्रोसेस अजून चालू आहे, म्हणून बैठक मिटत नाही. टिपणात ह्याला काय लिहू? ‘बंद होत असलेली’ लिहिलं तर दोन मिनिटांत होईल असं वाटतं, आणि ही आठवडाभर तशीच राहू शकते.

तलाठ्याची लेक

‘मोडलेली पण न उठलेली’?

विंडोजवाली

पाहुणे गेले, ताटं तशीच. ‘खरकटी बैठक’ लिहा.

निवृत्त मास्तर, पंचवटी

‘खरकटी’ राहू द्या. फक्त वरच्या परिच्छेदात ‘अपुरं’ आहे तिथे ‘अर्धं’ करा, मुलांना लवकर कळेल.