'ब्लॉकर'ला काय म्हणावं : रोधक, निरोधक की विरोधक?

प्रश्न : बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. हृदयविकाराच्या या तिन्ही औषधांना सरसकट 'रोधक' लिहिलेलं दिसतं. चालेल? आणि रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूला, 'ग्राहक' म्हणावं का?

— 'ग्राहक' नको, वाचकाला ग्राहक पंचायत आठवते. 'ग्राही' बरा. तिन्ही औषधं मात्र वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. बीटा ब्लॉकर ग्राहीत, दुसरं एसीई या विकरावर (एन्झाइमवर), तिसरं कॅल्शियम पेशीत शिरण्याच्या मार्गिकेवर (चॅनेलवर). फरक नुसता व्याकरणाचा नाही. एसीई विकर रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन घडवतं, शिवाय ब्रॅडिकायनिन हा दुसरा रेणूही मोडतं. ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि काहींना कोरडा खोकला लागतो. लोसार्टन हे औषध थेट अँजिओटेन्सिनच्या ग्राहीत बसतं, त्यामुळे तो त्रास क्वचितच. विकराला 'निरोधक' वापरावा.

— 'निरोधक' वाचून लोक हसतील हो! त्यापेक्षा रोधकच ठेवा, पण कशाचा ते आधी जोडा : ग्राहीरोधक, विकररोधक, मार्गिकारोधक.

— हे पटलं. तरी 'रोधक' म्हणजे कायमचं लावलेलं कुलूप नव्हे. प्रोप्रानोलॉल या बीटा ब्लॉकरला ग्राहीची ओढ (त्याला चिकटण्याची प्रवृत्ती) भरपूर, पण ग्राही चालू करण्याची ताकद नाही. ते नुसतं जागा धरून बसतं. उद्दीपकाची, म्हणजे ग्राही चालू करणाऱ्या रेणूची, मात्रा वाढवली की त्याला उठावं लागतं. म्हणून उद्दीपकाची मात्रा आणि परिणाम यांच्या आलेखात वक्र उजवीकडे सरकतो, माथ्याची उंची तीच राहते. माथाच खाली आला तर रेणू घट्ट चिकटून सुटत नसेल किंवा ग्राहीवर दुसरीकडे बसत असेल. पिंडोलॉल हे बीटा ब्लॉकर मधलं : ग्राही थोडा चालूही करतं, म्हणून 'आंशिक उद्दीपक'. हृदय निकामी होऊ लागलेल्या रुग्णाला ते देत नाहीत.

— अनुवादात नेहमीची चूक : आयसी५० (परिणाम निम्मा करणारी रोधकाची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण) या आकड्यालाच 'ओढ' लिहिणं. हा आकडा प्रयोगात उद्दीपक किती घातला त्यावर हलतो. स्पर्धा करणाऱ्या रोधकासाठी तो (१ + उद्दीपकाची संहती ÷ उद्दीपकाचा केडी) ने भागला की केआय, म्हणजे रोधकाच्या ओढीचा खरा आकडा, मिळतो; केडी म्हणजे निम्मे ग्राही भरणारी उद्दीपकाची संहती. संहती केडीइतकी असेल तर २० नॅनोमोलार आयसी५०चा केआय थेट १०. संहती न देता नुसता आयसी५० छापला तर दोन प्रयोगशाळांची तुलना होत नाही.

— 'डाउनरेग्युलेशन' आणि 'डिसेन्सिटायझेशन' दोन्हींना 'संवेदना कमी होणे' लिहू नये. पहिल्यात ग्राहींची संख्या घटते, त्याला तास-दिवस लागतात. दुसऱ्यात ग्राही जागेवरच असतो, पण फॉस्फेट लागून अरेस्टिन हे प्रथिन चिकटतं आणि काही मिनिटांत संदेश थंडावतो. 'संख्याघट' आणि 'बधिरता' सुचवतो. उलट बीटा ब्लॉकर दीर्घकाळ घेतल्यास ग्राही वाढतात, त्याला 'संख्यावाढ'. गोळी एकदम बंद केल्यावर नाडी धावते ती याच वाढीव ग्राहींमुळे; म्हणून मात्रा १–२ आठवड्यांत हळूहळू उतरवतात.