लिव्हर मऊ लागतो : ब्रेक ऑइल बदलायचं की किट टाकायचं?

लायनरवाला :
बाईकच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागला की गॅरेजमध्ये लगेच 'मास्टर सिलिंडर किट टाका', म्हणजे लिव्हरजवळच्या ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे सील-पिस्टन बदला. माझं मत, आधी ऑइल बदला, नळीतली हवा काढा. ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ वर येते. घाट उतरताना बोट लिव्हरवरून उठलंच नाही तर कॅलिपरमध्ये (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वाफ धरते. मग वाफ दबते, पॅड नाही. गाडी गार झाली की लिव्हर पुन्हा कडक. यात किटचा काय संबंध?

घाटउतार :
गरम गाडीपुरतं मान्य. गार गाडीवर लिव्हर अर्धा मिनिट एकसारखा दाबून धरा. हळूहळू मुठीकडे सरकला आणि बाहेर कुठे ओल नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरचा रबरी सील आतल्या आत ऑइल मागे सोडतोय. कितीही हवा काढा, फरक शून्य. उलट जुन्या गाडीत हवा काढतानाच सील जातो : लिव्हर मुठीला टेकवला की पिस्टन एरवी न जाणाऱ्या, गंज धरलेल्या भागावर घासतो.

लायनरवाला :
म्हणून तर मूठ आणि लिव्हरच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवायचा. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, लिव्हर दाबून धरायचा, निप्पल पाव आटा सैल, बुडबुडे आले की बंद. त्यानंतरच लिव्हर सोडायचा, नाहीतर हवा परत आत. वरच्या डबीत ऑइलची पातळी 'लोअर'खाली गेली की सगळं पहिल्यापासून. आणि चार-पाच वेळा पंप केल्यावर लिव्हर वर येत असेल, तर आधी हवेवरच संशय घ्या.

आठचापाना :
दोघंही कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना विसरलात. पिन जाम झाली की एकच पॅड झिजतो, दुसऱ्या बाजूने डिस्कच वाकवली जाते, आणि लिव्हर मऊ. पिना काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. रॉकेलनेही, तरी निम्मी गॅरेजं त्यातच धुतात!

घाटउतार :
पिना आधी बघाव्यात, बरोबर. पण दाबून धरलेला लिव्हर सरकतोय त्या गाडीला किटच. नुसती हवा काढून घाटात पाठवू नका.