मदत हवी आहे: घरखर्च आणि मसाल्याच्या धंद्याचे पैसे वेगळे कसे करायचे?

कांडप_सांगली
नमस्कार. माझा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. सगळे पैसे एकाच खात्यात येतात आणि त्यातूनच मिरची, मुलांची फी, किराणा, घराचा हप्ता जातो. नवीन कांडप मशीनसाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेत म्हणाले की स्टेटमेंटवरून धंदा किती आणि घर किती, काहीच कळत नाही. मिरचीची खरेदी तोंडावर आली आहे. हिशेबाचं चांगलं ॲप कोणतं? लवकर सांगा.

घाटावरचा_वाणी
ॲप राहू द्या, रोजमेळ घाला, म्हणजे रोजची जमा-खर्चाची वही. आमच्या दुकानात रात्री गल्ला मोजल्याशिवाय शटर खाली येत नाही. घरी किलोभर साखर नेली तरी वहीत घरखाती उचल म्हणून लिहितो.

आकडेमोड
ताई, आधी हे सांगा. धंदा कुणाच्या नावावर? उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), जीएसटी यांतलं काय काढलंय? खातं बचत की चालू?

कांडप_सांगली
माझ्याच नावावर. फूड लायसन्स आहे, बाकी काही नाही. खातं बचतीचं. मी ॲपचं विचारलं होतं.

उंच_झेप
सरळ प्रायव्हेट लिमिटेड करा. कंपनीचा पॅन वेगळा, खातं वेगळं, तुम्ही पगार घ्यायचा. मी तेच केलं, एका झटक्यात प्रश्न सुटला.

आकडेमोड
आणि दरवर्षीचं सक्तीचं ऑडिट? आरओसीची, म्हणजे कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं? एवढ्या धंद्याला तो खर्च कशाला? ताई, एकल मालकीत पॅन तुमचाच राहतो, मालक आणि धंदा कायद्याला एकच. स्वतःला पगार दिला तरी तो खर्चात धरता येत नाही, ती उचलच. पण ती ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेची घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ते प्रमाणपत्र आणि फूड लायसन्स घेऊन धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा.

उंच_झेप
ठरलेली उचल मसाल्यात कशी जमणार? एप्रिल-मे जोरात, पावसाळ्यात विक्री मंद.

घाटावरचा_वाणी
म्हणूनच पावसाळ्यात झेपेल तेवढीच उचल ठरवायची. सीझनला जास्तीचं उरेल ते पुढच्या मिरचीला राखायचं.

पेठेतला
चालू खात्यावर व्याज नाही आणि किमान शिल्लक नसली की दंड. माझे असेच कापले. आधी दोन-तीन बँकांत अट विचारा.

गृहउद्योग_मैत्रीण
ताई, मसाला भाजायला घरचा १४.२ किलोचा सिलिंडर वापरत असाल तर जपून. धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच लागतो.

कांडप_सांगली
गॅसचा प्रश्नच नाही हो. खात्याचं बोला.

आकडेमोड
गिऱ्हाईक ज्या क्यूआरवर पैसे टाकतं, तो कुणाच्या खात्याचा?

कांडप_सांगली
मिस्टरांच्या. त्यांचा पगारही तिथेच येतो. घरातलंच खातं, म्हणून लिहिलं नाही.

आकडेमोड
अहो, सगळी गाठ इथेच आहे! विक्री तुमची आणि जमा त्यांच्या पॅनवर. तुमचं उत्पन्न बँकेने कशावरून मोजायचं? चालू खातं उघडलं की त्याच दिवशी नवा क्यूआर लावा, जुना काढून टाका. मिरचीसाठी मिस्टरांनी पैसे दिले तर बँकेतूनच तुमच्या चालू खात्यात येऊ देत आणि वहीत त्यांची उसनवारी लिहा. रिटर्न भरताना अनुमानित योजनेत (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सोय) डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो, म्हणून क्यूआरची सवय तुमच्याच फायद्याची.

घाटावरचा_वाणी
रोखीचं काय? ती पण रोज चालू खात्यात भरा, नाहीतर परत घरात जिरते.

पेठेतला
रोज कोण बँकेत जाणार? आठवड्यातून एकदा पुरे.

कांडप_सांगली
क्यूआरचं पटलं. उद्याच उद्यम काढते. पण लाइट बिल घरचंच आहे, जुनं मशीन त्यावरच चालतं. त्यातलं धंद्याचं किती धरायचं?

घाटावरचा_वाणी
मशीनच्या लाइनवर सब-मीटर बसवा, युनिट मोजा, तेवढे पैसे चालू खात्यातून घरखर्चाला द्या.

आकडेमोड
मोजायला ठीक आहे, पण घरगुती कनेक्शनवर धंद्याचं मशीन ठेवू नका. नव्या मशीनआधी महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज करा, म्हणजे बिलही आपोआप वेगळं होईल. नवीन मशीन किती एचपीचं आहे? त्यावर जोडभार, म्हणजे कनेक्शनवर किती विजेचा भार मंजूर करून घ्यायचा ते ठरेल.