मदत हवी आहे: मुलाला वारीत सेवेला लावायचं आहे

मुक्ताई:
पालखी निघायला फार दिवस उरले नाहीत, म्हणून घाईत लिहितेय. मुलाला यंदा वारीत सेवा करायचीच आहे. ओळखीच्या दिंडीत विचारलं तर म्हणे, "दर्शनाला आणा, सेवा त्याला झेपायची नाही." दर्शन दरवर्षी होतं हो, त्याला काम हवंय. कोण घेईल? लवकर सांगा.

सासवडकर:
पालखी कुठली, आळंदीची की देहूची? मुलाचं वय काय, अडचण काय?

मुक्ताई:
माउलींची. वय २१, डाऊन सिंड्रोम. चालतो उत्तम, रोज वर्कशॉपला जातो.

टाळकरी:
दिंडीची भिशी (जेवणखाणाचे पैसे) भरा आणि पंढरपूरपर्यंत चालवा. आमच्या दिंडीत असा एक मुलगा होता, हरिपाठात रमायचा.

सासवडकर:
पुणे-सासवड एका दिवसात तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट. एकदम एवढं नको.

टाळकरी:
ऐंशीच्या आज्या घाट चढतात. पोरांना कमी लेखू नका.

फिजिओ_ताई:
वयाचा प्रश्नच नाही. डाऊनमध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, हृदयदोषही बऱ्याच जणांना असतो. ओझं उचलायला देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

जनरल_डबा:
यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं का? रेल्वेत सोबत्यालाही सवलत मिळते. दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा १ लाखापर्यंतचा आहे, तोही घ्या.

मुक्ताई:
दोन्ही आहे. आळंदीला रेल्वेने नाही जात आम्ही. सेवेचं सांगा ना कुणी!

ओवी:
माझी बहीण स्वमग्न आहे. टाळ-मृदंगाचा आवाज तिला सोसत नाही, म्हणून ती राहुटीत भाजी निवडते. सोबतीला रोज तेच माणूस, कामाची चित्रं क्रमाने लावलेला पुठ्ठा, गळ्यात फोन नंबर. "घ्याल का?" असं विचारूच नका. "हे काम त्याला येतं" असं सांगा. वर्कशॉपमध्ये काय करतो?

मुक्ताई:
द्रोण-पत्रावळी. मोजून गठ्ठे बांधतो, एक कमीजास्त होत नाही.

टाळकरी:
कागदाच्या की पळसाच्या? कागदाच्या आमटीने फाटतात.

ओवी:
अहो, विषय काय चाललाय!

सासवडकर:
मग पंगतीत पत्रावळ्या मांडू दे त्याला. सासवडच्या मुक्कामी बारशीची (द्वादशीची) पंगत आमच्या आळीत असते, जागा सावलीची आहे. व्यनि (खाजगी निरोप) करते. त्याच्यासोबत कोण थांबणार ते मात्र कळवा, अजून लिहिलं नाहीत.