मदत हवी आहे: कॉन्टेसा घाटात लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्बोरेटरचा जेट बदलू का?

गाडी १९९२ ची कॉन्टेसा, इसुझूचं १८१७ सीसी इंजिन. मूळ कार्बोरेटर पार झिजला होता, म्हणून दिवाळीनंतर वेबर ३२/३६ हा दोन बॅरलचा कार्बोरेटर बसवला. इंदुरात पलासिया ते राजवाडा मस्त पळते, आयडलही स्थिर. रडगाणं सुरू होतं ते भेरूघाटात.

गेल्या रविवारी आईबाबांना ओंकारेश्वरला नेलं होतं. येताना चढावर तिसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबला की आधी छान ओढते, मग एकदम दम सोडते आणि कार्बोरेटरमधून फट्‌फट् उलटा आवाज येतो. पाय सैल सोडला की थोड्या वेळाने परत ठीक. बाबा म्हणाले, "हिच्यापेक्षा आपली लूना बरी होती."

तेव्हाच चोक (हवा कमी करणारी झडप) किंचित ओढून पाहिला, तर जीव परत आला. म्हणजे लीन होतेय हे नक्की. घरी आल्यावर आयडलवर मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर मारला. आरपीएम हललं नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नसावी. प्लग चारही पांढरेफटक, तेही लीनचंच लक्षण. आमचे मिस्त्री मात्र डेल्को (डिस्ट्रिब्युटर) फिरवून टायमिंगच मागेपुढे करत बसलेत.

दोन्ही मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) १४० आहेत. १४५ मागवू का? लीनवर असंच ताणत राहिलो तर पिस्टनला भोक पडेल, ही धास्ती आहे.

प्रतिसाद:

थांबा, जेटवर पैसे घालू नका. तुमच्याच वर्णनात उत्तर आहे: "आधी छान ओढते". मेन जेट लहान असता तर पाय दाबताक्षणी रड सुरू झाली असती. काही सेकंदांनी दम सुटतो म्हणजे फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामं होतंय. इंजिन पितंय त्या वेगाने पेट्रोल पोचत नाही. चोकने लीन आहे एवढंच कळतं, का आहे ते नाही. दोन्ही प्रकारांत चोक ओढल्यावर बरं वाटणारच.

पुढच्या वेळी दम सुटला की तिथेच क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि बाजूला घ्या (इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड होईल, ते सांभाळा). कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून पेट्रोलची पातळी बघा. आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या हाताने वाकवून तपासा. तिथली चीर गळत नाही, हवा ओढते, त्यामुळे खाली डाग दिसत नाही. जुनं रबर पेट्रोलमधल्या इथेनॉलने लवकर खराब होतं. फिल्टरही बघा, इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलतं.

मूळ लेखक:

साष्टांग नमस्कार! झाकण उघडलं तर तळाशी जेमतेम बोटभर पेट्रोल. टाकीजवळची नळी वाकवली तर भेगाच भेगा. इथेनॉल चालणारी नळी टाकली, फिल्टर बदलला. काल सिमरोलपासून मुद्दाम खाली जाऊन परत वर आलो, तिसऱ्यात पूर्ण दाबून. एकदाही खोकली नाही. डेल्को आता मिस्त्रींकडून जागेवर आणून घेतोय.

पण चढाच्या शेवटी इंजिन बंद करून प्लग काढले, तर अजून फिकेच आहेत, आधीइतके नाहीत इतकंच. म्हणून हिशोब मांडला. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १३.५ पट, म्हणजे इंधन सुमारे नऊ टक्के जास्त हवं. जेटचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १४० म्हणजे १.४० मिमी. १४५ केला तर भोकाचं क्षेत्रफळ सात टक्के वाढतं. जवळपास जुळतं. पण इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे विरळ हवेमुळे मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) होतंच. मग दोन्ही १४५ करू, की आधी फक्त सेकंडरीचा (पाय जास्त दाबल्यावर उघडणाऱ्या दुसऱ्या बॅरलचा) बदलून प्लग पाहू? ई२० वर वेबर चालवणाऱ्या कुणी जेट बदललाय का?